जवळचें अंतर

अंतर मोजण्याच्या बाबतींत आपली भाषा मोठी उदार आहे. अमक्याचें घर हाकेच्या अंतरावर आहे, देऊळ दोन पावलांवर आहे, नदी येथून कोसभर असेल, असें आपण सहज बोलून जातों. हाक कोणाची, पाऊल केवढें आणि कोस कोणत्या प्रांतींचा, हें कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलेंच तर विचारणारा अरसिक ठरतो. माझाहि संसार पन्नाशी उलटेपर्यंत असल्याच मापांवर सुरळीत चालला होता. इतिहासाच्या अध्यापकानें शतकें मोजावीं आणि फूट-इंचांचा व्यवहार सुतार-शिंप्यांनीं पाहावा, अशी जणूं आमची आपसांतली वाटणी होती. परंतु गेल्या वर्षीं एक जुन्या पद्धतीचा, फिल्मवर चित्र घेणारा कॅमेरा निवडण्याचा प्रसंग माझ्यावर आला, आणि पांच फूट म्हणजे नक्की किती, या प्रश्नानें मला कित्येक महिने सोडलें नाहीं. त्या निमित्तानें जें कांहीं पाहिलें, वाचलें आणि मोजलें, तें निव्वळ कॅमेऱ्यापुरतें उरलें नाहीं. म्हणून वाचकांपुढें ठेवीत आहें.

या वयांत हा नवा नाद कशासाठीं, असा प्रश्न घरांतून अर्थातच आला. त्याचें उत्तर आईच्या डोळ्यांत आहे. तिला आतां ८४ वें वर्ष चालू आहे. दृष्टिपटलाचा मधला भाग वयोमानानें झिजत जावा, असा तिचा विकार आहे. मोतीबिंदूप्रमाणें तो शस्त्रक्रियेनें काढून टाकतां येत नाहीं. त्याची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. कडेचें दिसतें, मधलें दिसत नाहीं. दाराची चौकट दिसते, पण दारांत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाच्या जागीं धुरकट डाग दिसतो. चालण्यावरून, खोकण्यावरून, जिन्यावर पडणाऱ्या पावलांवरून ती घरांतल्या प्रत्येकाला ओळखते. परंतु नातवंडांचे चेहरे तिनें गेल्या पांच-सहा वर्षांत पाहिलेले नाहींत, आणि नेमक्या याच वर्षांत त्या मुलांचीं माणसें झालीं. चांगल्या उजेडांत मोठें, काळ्यापांढऱ्यांतलें, ठळक चित्र समोर ठेवलें आणि हातांत भिंग दिलें, म्हणजे मात्र नजर जराशी बाजूला रोखून, एका वेळीं रुपयाएवढा भाग, असें तिला कांहीं दिसूं शकतें. "तुमचीं तोंडें एकदां नीट पाहायचीं आहेत रे," असें ती एका सायंकाळीं म्हणाली, तेवढ्यावर हा सारा उद्योग सुरू झाला. वीस इंच लांब आणि वीस इंच रुंद असे घरांतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याचे फोटो करावयाचे, असें मीं ठरविलें.

"अहो, मग खिशांतला मोबाइल कशाला आहे?" हा पुढला प्रश्न. तो रास्तच होता. आजच्या मोबाइलचें चित्रहि वीस इंचांपर्यंत वाढवितां येतें, हें मला ठाऊक आहे. मीं दोन कारणें सांगितलीं. एक असें कीं, पुष्कळ मोबाइल चेहरा आपल्याच मनानें गुळगुळीत करून देतात. आणि आईला तर सुरकुत्या, तीळ आणि भुंवयांचे केंस यांवरूनच माणूस ओळखावयाचा आहे. दुसरें कारण मीं जरा हळू आवाजांत सांगितलें. मोबाइलपुढें कोणी बसत नाहीं. चालतां चालतां, जेवतां जेवतां, दुसरीकडे पाहतां पाहतां फोटो निघतो. आईसाठीं चित्र काढावयाचें तर प्रत्येकानें तिच्या खोलींत येऊन अर्धा तास बसावें, अशी माझी इच्छा होती. ज्या यंत्राला वेळ लागतो तेंच यंत्र मला हवें होतें. यावर घरांतून कांहीं उत्तर आलें नाहीं, तें मीं संमतीच्या खात्यांत जमा केलें.

फिल्म कोणती, याचा निर्णय गणितानें केला. ज्या फिल्मला मध्यम आकाराची म्हणतात ती १२० क्रमांकाची गुंडाळी कोडॅक कंपनीनें १९०१ सालीं आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठीं काढली. तेव्हांपासून कितीतरी साम्राज्यें लयास गेलीं. गुंडाळी मात्र अद्याप विकत मिळते. तिच्यावर साडेपांच सेंटिमीटरांहून किंचित् मोठ्या अशा बारा चौरस चौकटी बसतात. ३५ मिलिमीटरच्या नेहमींच्या फिल्मवरील चौकट २४ मिलिमीटर उंच आणि ३६ मिलिमीटर रुंद असते. वीस इंचांचा चौरस फोटो करावयाचा तर मध्यम फिल्मवरचें चित्र नऊपट वाढवावें लागतें. लहान फिल्मवरचें एकवीसपट. वाढवितांना चित्राबरोबर फिल्मचा रवाहि वाढतो, आणि ती वाळू आईच्या भिंगाखालीं गेली तर तिला चेहऱ्याऐवजीं वाळूच दिसावयाची. तेव्हां मध्यम फिल्म निश्चित झाली. कॅमेरा कोणता, हा प्रश्न उभाच राहिला.

मुंबईस फोर्ट भागांत जुन्या कॅमेऱ्यांचीं कांहीं दुकानें अजून तग धरून आहेत. त्यांतल्या एका वृद्ध दुकानदारापुढें मीं माझी गरज मांडली. भिंगांच्या दर्जाविषयीं आणि किंमतींविषयीं प्रश्नांची यादी माझ्याजवळ तयार होती. त्यानें ती बाजूस सारली आणि विचारलें, "प्रोफेसरसाहेब, आधीं एवढें सांगा, अंतर कोण मोजणार? तुम्ही, कीं कॅमेरा?" इतक्या वर्षांत मीं प्रश्नपत्रिका पुष्कळ काढल्या, परंतु साऱ्या विषयाचे एका वाक्यांत भाग पाडणारा असा प्रश्न मला क्वचितच सुचला आहे.

कारण कॅमेऱ्यांच्या जाती खरोखर याच एका गोष्टीवरून पडतात. पहिली जात दोन भिंगांच्या पेटीची. ब्राउन्श्वाइग येथील कारखान्यांतून १९२९ सालीं निघालेला रोलायफ्लेक्स हा तिचा मूळपुरुष, आणि १९७० सालचा जपानी याशिका मॅट १२४ जी हा तिच्या अखेरच्या वंशजांपैकीं एक. वरच्या भिंगांतून पाहावयाचें आणि खालच्यानें चित्र घ्यावयाचें. माथ्यावरच्या दुधी कांचेवर चित्र स्पष्ट होईपर्यंत चाकी फिरवावी, म्हणजे अंतर आपोआप लागतें. तें किती, हें जाणण्याची गरजहि पडत नाहीं. होमाई व्यारावाला यांच्या हातीं असाच कॅमेरा असे. या पेटींत पाहावयाचें तर मान खालीं घालावी लागते, आणि समोरच्या माणसाला आपण नमस्कार करीत आहों असें वाटतें. यंत्रांत इतका विनय सहसा आढळत नाहीं. मला ती पेटी फार आवडली. परंतु व्हरांड्यांतल्या सायंकाळच्या उजेडांत तिच्या कांचेवर चित्र स्पष्ट झालें कीं नाहीं, हें माझ्या चाळिशीला सांगतां येईना. आईच्या डोळ्यांसाठीं निघालों, तों वाटेंत माझेच डोळे आडवे आले.

दुसरी जात एकाच भिंगांतून, आरशाच्या साह्यानें पाहण्याची. १९५७ चा हॅसलब्लाड ५०० सी हा तींत मानाचा. त्याची किंमत मला झेपणारी नव्हती, आणि दुधी कांचेची अडचण तेथेंहि तीच. त्याच्या घराण्यासंबंधीं एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. १९६९ सालीं चंद्राच्या भूमीवर जो हॅसलब्लाड वापरला, त्याला आरसाहि नव्हता आणि पाहण्याची खिडकीहि नव्हती. तो अंतराळवीराच्या छातीवर बसविलेला असे आणि अंतर अंदाजानें लावावें लागे. जवळजवळ चार लाख किलोमीटरांचा मार्ग अचूक मोजून गेलेल्या माणसांनीं शेवटचे पांच-दहा फूट डोळ्यांच्या अंदाजावर सोडले होते! तिसरी जात कॅमेऱ्याच्या अंगांतच अंतरमापक बसविलेली. १९९५ चा मामिया ७ हा तिचा उत्तम नमुना, पण तोहि श्रीमंतांघरचा. सर्व कांहीं आपण होऊन करणारेहि कांहीं कॅमेरे आहेत; ते मीं हातींच घेतले नाहींत.

शेवटीं दुकानदारानें कपाटाच्या खालच्या कप्प्यांतून एक जर्मन बनावटीचा, घडीचा कॅमेरा काढला. कळ दाबतांच दार उघडतें, भाता पुढें येतो, आणि टोंकाशीं ७५ मिलिमीटरचें भिंग. मिटला म्हणजे कोटाच्या खिशांत मावतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें असे कॅमेरे मध्यम वर्गासाठीं फार निघत. अंतर मोजण्याचें कसलेंहि साधन त्यांत नाहीं. भिंगाच्या कड्यावर फुटांचे आंकडे कोरलेले असतात. आपण मोजावें आणि कडें त्या आंकड्यावर आणावें. माझ्या वडिलांजवळ असाच एक होता. मंडळी ओळीनें उभी राहिली, कीं ते तेथून मोठमोठीं पावलें टाकीत उलटे मागें येत आणि ओठांतल्या ओठांत आंकडे म्हणत. त्यांच्या पाठीमागें विहीर किंवा तुळशीवृंदावन नाहीं ना, हें पाहण्याचें काम माझें असे. कॅमेऱ्याची किंमत इतर जातींच्या मानानें अगदीं थोडी होती. "अंतर मीच मोजणार," असें मीं दुकानदाराला सांगितलें.

मोजावयाचें कशानें, हा प्रश्न आतां पुढें आला. त्यानें पुन्हां कपाटांत हात घातला, आणि आगपेटीहून थोडी लांबट अशी एक काळी डबी माझ्या हातावर ठेवली. हा हातांतला अंतरमापक. डबीला पुढल्या बाजूस दोन खिडक्या आणि मागें डोळा लावण्यास एक भोंक. आंत पाहिलें तर वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. चाकी फिरवितां फिरवितां त्या एकमेकींवर नीट बसल्या, म्हणजे चाकीवरचा आंकडा हेंच अंतर. आंतली करामत म्हणजे अर्धवट पारा दिलेली एक कांच आणि किंचित् वळणारा एक आरसा, एवढीच. तत्त्व त्रिकोणाचें आहे. दोन खिडक्यांमधील अंतर हा पाया. त्याच्या दोन टोंकांपासून वस्तूकडे जाणाऱ्या दोन दृष्टिरेषा. त्या जेथें मिळतात तें शिखर. पाया आणि कोन कळले, कीं शिखर किती दूर हें कळलेंच. आपले दोन डोळेहि, मध्यें साडेसहा सेंटिमीटरांच्या आसपास पाया ठेवून, जन्मभर असाच त्रिकोण साधीत असतात.

या त्रिकोणाचा आपल्या देशाशीं जुना संबंध आहे. १८०२ सालीं विल्यम लॅम्टन यानें मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशीं साडेसात मैलांची एक रेषा पोलादी सांखळीनें मोजली. तेवढ्या कामास ५७ दिवस लागले. तीच रेषा पाया धरून, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत, त्याचें काम पुढें वर्षानुवर्षें चाललें. आणि १८२३ सालीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें, काम हातांत असतांनाच, तो मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे. त्याच्या मागून आलेल्यांनीं याच रीतीनें, मैदानांत उभे राहून, शंभराहून अधिक मैलांवरच्या एव्हरेस्टची उंची काढली. ती १८५६ सालीं जाहीर झाली. तिकडे मैलांचा पाया, इकडे डबींत तीन बोटांचा, युक्ति एकच.

डबीचा स्वतःचा इतिहास मात्र तोफांचा आहे. १८८८ सालीं ब्रिटिश युद्धखात्यानें पायदळासाठीं अंतरमापक हवा, अशी जाहिरात दिली. लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजांतले दोन प्राध्यापक, यंत्रशास्त्राचे आर्चिबाल्ड बार आणि पदार्थविज्ञानाचे विल्यम स्ट्राउड, यांनीं ती वाचून एक यंत्र तयार केलें. पायदळानें तें नाकारलें, आरमारानें उचललें. पाया जितका लांब तितकें दूरचें लक्ष्य अचूक, म्हणून युद्धनौकांवर नऊ फूट आणि पंधरा फूट पायाचीं यंत्रें बसलीं. पुढें तेंच तत्त्व १९२५ च्या लायका कॅमेऱ्याच्या माथ्यावर सुट्या मापकाच्या रूपानें येऊन बसलें, आणि १९३२ सालीं त्या कॅमेऱ्याच्या पोटांतच शिरलें. शत्रूची नौका किती दूर आहे हें सांगण्यासाठीं वाढविलेली विद्या, समोर बसलेलें मूल किती जवळ आहे हें सांगूं लागली. असा प्रवास इतिहासांत बहुधा उलट्या दिशेनें झालेला आढळतो; म्हणून हा मला विशेष समाधानकारक वाटतो.

माझ्या भाच्याला मात्र ही डबी पाहून हसूं आलें. तो वास्तुशिल्पी आहे. त्याच्याजवळ लेसरचा मापक असतो; हातांत मावणारा असा पहिला मापक १९९३ सालीं लायका याच नांवानें बाजारांत आला. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांशांत सुमारें ३० सेंटिमीटर जातो. हें यंत्र थरथरता किरण पाठवितें, आणि परत आलेल्या थरथरीचा गेलेल्या थरथरीशीं मेळ घालून, एकदोन मिलिमीटरांच्या फरकानें अंतर सांगतें. व्हरांड्याची लांबी त्यानें क्षणांत सांगितली. परंतु भर उन्हांत त्याचा तांबडा ठिपका दिसेनासा होतो. आणि किरणाकडे पाहूं नये, अशी सूचना त्याच्याच पाठीवर छापलेली असते. नातवंडांच्या डोळ्यांच्या रोखानें तो ठिपका टाकण्यास घरांतून स्पष्ट मनाई झाली. रिकाम्या खुर्चीची पाठ मोजून ठेवावी, तर बसणारा मनुष्य पुढें झुकतो आणि खुर्ची झुकत नाहीं. वटवाघळाप्रमाणें ध्वनि पाठवून अंतर जाणणारा एक पोलरॉइड कॅमेराहि १९७८ मध्यें निघाला होता. पण खिडकीपलीकडचें माणूस त्याला दाखविलें, तर तो खिडकीच्या कांचेचेंच अंतर धरून बसे.

या साधनांनीं घरांतले खांब, भिंती आणि कुंड्या मोजून झाल्या, तेव्हां भिंगाच्या कड्याकडे मीं नीट पाहिलें. त्यावरचे आंकडे सारख्या अंतरानें कोरलेले नाहींत. अनंताचें चिन्ह, म्हणजे आडवा पडलेला आठ, आणि त्याच्या अलीकडचा तीस फुटांचा आंकडा हे अगदीं शेजारीं शेजारीं. पण दहा फुटांवरून पांचांवर आणि पांचांवरून साडेतीनांवर येण्यास कडें बरेंच फिरवावें लागतें. कारण साधें आहे. ७५ मिलिमीटरचें सबंध भिंग पुढेंमागें सरकत असेल, तर अनंतावरून दहा मीटरांवर येण्यास तें अर्ध्या मिलिमीटरहून थोडेंच अधिक सरकतें. दोन मीटरांवरून एका मीटरवर येण्यास तीन मिलिमीटरांहून अधिक. डोंगर, देवळाचा कळस, नदीपलीकडचें गांव, हीं सारीं भिंगाच्या लेखीं जवळजवळ एकाच अंतरावर. त्यांच्यासाठीं कांहीं मोजावें लागत नाहीं. दुरून डोंगर साजरे, हें भिंगालाहि मान्य आहे. जी काय अचूकता खर्चावयाची, ती सारी हाताच्या टप्प्यांतल्या माणसावर. पांच फुटांवर, व्हरांड्यांतल्या उजेडाला पुरेल एवढें छिद्र उघडलें, म्हणजे स्पष्टतेचा पट्टा पुढचा-मागचा मिळून जेमतेम वीतभर भरतो. आणि तोहि साध्या डोळ्यांनीं पाहणाऱ्याच्या हिशोबानें. आई भिंगानें पाहणार, म्हणून त्यांतलीं चार बोटेंच खरीं धरावयाचीं.

मला वाटतें, आमच्या साऱ्या ज्ञानाचें असेंच आहे. तीनशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या सरदाराच्या स्वभावावर मी वर्गांत पाऊण तास बोलूं शकतों. तो अनंतावर उभा आहे, कसाहि पाहिला तरी स्पष्टच दिसतो. शेजारच्या खोलींत निजणाऱ्या मुलाच्या मनांत सध्यां काय चाललें आहे, यावर मात्र दोन वाक्यें बोलणेंहि कठीण. काखेंत कळसा असला म्हणजे गांवाला वळसा घालण्याचीच रीत आहे.

डबीनें काम भागलें असतें. परंतु मंद उजेडांत नाकाच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसविण्याचा माझा खटाटोप घरांतून दोन सायंकाळ पाहिला गेला, आणि तिसऱ्या सायंकाळीं शिवणयंत्राच्या खणांतली फीत माझ्यापुढें आली. "पांच फूटच मोजायचे ना? मग ही घ्या." शिंप्याची फीत साठ इंचांची असते, म्हणजे बरोबर पांच फूट. चित्रपट काढणारे लोकहि कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंत फीत धरून मोजतात, हें मला तेव्हां आठवलें. एकच अडचण होती. फितीला दोन टोंकें असतात. कॅमेरा तिपाईवर चढवून एक टोंक मीं त्याच्या पाठीशीं, फिल्मच्या पातळीला धरलें. दुसरें कोण धरणार? बाजेवर बसलेल्या आईनें हात पुढें केला. "दे इकडे, मी धरतें."

मग तीन सायंकाळ आमच्या व्हरांड्यांत हा कार्यक्रम चालला. एकेकानें आईशेजारच्या तिवईवर येऊन बसावें. तिचा हात आधीं खांद्यावर येई, मग कानावर, मग गालावर. आणि डोळ्याखालचें हाड सांपडलें म्हणजे फितीचें पितळी टोंक ती तेथें टेकवी. मुलीच्या गालावर तिचा हात बराच वेळ थांबला. "हिचें हाड अगदीं त्यांच्यासारखें आहे," ती म्हणाली. वडिलांचें नांव तिनें कधींच घेतलें नाहीं. मुलगा बंगळूरला नोकरीस असतो. त्याच्या गालावर हात पडतांच ती दचकली. "अरे, दाढी कधीं ठेवलीस?" दाढी ठेवून त्याला चार वर्षें झालीं होतीं. या चार वर्षांत तो अनेकदां सुटीवर आला, तिच्या पायां पडला, तिच्याशेजारीं जेवला. दाढी घरांत सर्वांनीं पाहिली होती, म्हणून ती कोणीं तिला सांगितली नव्हती. फीत ताणली, कडें पांचांवर आहे ना हें पाहिलें, फीत सोडली, कळ दाबली. फिल्मवरच्या बारा चौकटींत घरांतलीं नऊ माणसें झालीं. दहावी चौकट आईची. तेव्हां कॅमेऱ्याशीं मुलगी उभी राहिली, आणि फितीचें टोंक आईच्या गालाशीं मीं धरलें. पन्नाशी उलटलेल्या मुलाचा हात आईच्या पायांपर्यंत पुष्कळदां जातो. गालापर्यंत जाण्याचें निमित्त त्याला क्वचितच मिळतें.

फोटो वीस-वीस इंचांचे होऊन आले. आई रोज दुपारीं त्यांतला एक घेऊन खिडकीशीं बसते. सबंध चेहरा तिला एकदम दिसत नाहीं, आणि यापुढें दिसणारहि नाहीं. भुंवईवरून डोळ्यावर, डोळ्यावरून गालावर, असें भिंग हळूहळू फिरतें. मध्येंच ती म्हणते, "याच्या भुंवईंतली खूण अजून आहे; झोपाळ्यावरून पडला होता, त्याची." मी जवळ जाऊन पाहतों, तर खूण खरोखरच असते.

फितीची मागणी घरांतून अधूनमधून होत असे, म्हणून मीं एक नवी आणून दिली आहे. जुनी आईच्या उशाखालीं असते. नातवंडें सुटींत घरीं आलीं, कीं ती पहिल्यानें फीत काढते आणि त्यांना जवळ बोलावते. कॅमेरा त्या दिवशीं कपाटांत असला तरीहि.